बर्किन ३५, टोगो लेदर: आठ महिने ठासून भरून वापरल्यावर

काचेच्या कपाटात ठेवायला बॅग घ्यायची असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. इथे लिहिलंय ते आठवड्यातले पाच दिवस लॅपटॉप, चार्जर, अर्ध्या लिटरची बाटली आणि वरून हाताला लागेल ते कोंबून वापरलेल्या बर्किनबद्दल, म्हणजे एर्मेस या फ्रेंच कंपनीच्या ३५ सेंटिमीटर रुंद हँडबॅगबद्दल. जिच्या नावाची ही बॅग आहे, ती जेन बर्किनही तिला अशीच राबवायची.

लंडनमध्ये जन्मून फ्रेंच गाण्यांमुळे पॅरिसची झालेली ही गायिका. सरळ जीन्स, साधा टी-शर्ट, कपाळावर बट आणि हातात वेताची टोपली. भारी कपड्यांतही तीच टोपली. १९८४ मध्ये पॅरिसहून लंडनला जाणाऱ्या विमानात तिचं सामान सांडलं तेव्हा शेजारी एर्मेसचे प्रमुख जाँ-लुई द्यूमा बसले होते. लहान मुलं असलेल्या आईला पुरेल अशी बॅगच मिळत नाही, ही तिची तक्रार ऐकत त्यांनी उलटीच्या पिशवीवर पहिलं रेखाटन केलं. पुढे जी बॅग तिला मिळाली तिच्यावर तिने स्टिकर डकवले आणि पट्ट्याला नेलकटर लटकवलं. तीच बॅग १० जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये सदबीजच्या लिलावात सुमारे ८६ लाख युरोला गेली, चरे, डाग आणि स्टिकरच्या खुणांसकट.

सध्या कोऱ्या बॅगला पाच-सहा लोंबती अडकवली की ‘जेन बर्किन स्टाइल’ झाली असं धरतात. तिच्या बॅगला तो अवतार आला तो आतल्या ओझ्यामुळे, आणि ते ओझं उचलायचं म्हटलं की पहिली अडचण दिसते. रिकामी ३५ च एक किलोच्या आगेमागे भरते. वर सांगितलेलं सामान घातलं की तीन किलो सहज होतात. हँडल इतकी आखूड की जाड कोटावरून खांद्यावर चढत नाहीत, मग बॅग कोपराच्या खोबणीत लटकते आणि अर्ध्या तासात तिथे लाल वळ उठतो. गंमत म्हणजे जेनच्या मूळ बॅगला खांद्याचा पट्टा होता, तोही न निघणारा. नंतरच्या नेहमीच्या बर्किनमधून तो गेला. वजनापायी हाताच्या टेंडनला त्रास झाल्याचं खुद्द जेनने जाहीर सांगितलं होतं, तेव्हा या बाबतीत आपण काही वेगळे ठरू अशी आशा नको. दर पंधरा-वीस मिनिटांनी हात बदलायचा आणि बाटली जमेल तर दुसऱ्या पिशवीत टाकायची.

लेदरबद्दल मात्र तक्रार नाही. टोगो हे वासराचं चामडं, बारीक उठावाचा दाणा असलेलं. नखाचा हलका ओरखडा त्या दाण्यात लपतो, उरलेला बोटाच्या पोटाने गोल चोळला की फिका पडतो. ताठ आकार हवा असेल तर एप्सम चामडं घ्यावं. ते दाबून दाणा उठवलेलं, हलकं आणि कडक असतं, पण त्याच्या कडा आणि कोपरे घासले की ते लपत नाही. क्लेमॉन्स हे तिसरं चामडं टोगोपेक्षा जड आणि लवकर ढेपाळणारं. रोज भरून वापरायची तर टोगोच, आणि शिवण आत घेतलेली, म्हणजे उलटून शिवलेली बॅग. बाहेरून शिवलेल्या ‘सेलिए’ बॅगच्या धारदार कडा दिसायला सुरेख, पण गर्दीत भिंती-दारांना आधी त्याच लागतात.

आठ महिन्यांत बसायची तेवढी बॅग बसली आहे: बाजू थोड्या बाहेर, वरची कड किंचित लाटेसारखी. हा दोष नाही, टोगोचा स्वभाव आहे. तळाकडे मात्र लक्ष द्यावं लागतं. तळाला चार धातूची बटणं आहेत, पण वजन वाढलं की मधलं चामडं झोळीसारखं उतरतं आणि टेबलावर बटणांच्या आधी तेच टेकतं. उपाय साधा: तळ ३५ बाय १८ सेंटिमीटर, तर पातळ ॲक्रिलिकचा ३३ बाय १६.५ चा तुकडा कापून घ्यावा. त्याचे कोपरे गोल घासायलाच हवेत, नाहीतर बकरीच्या चामड्याच्या अस्तरावर आतून टोचे पडतात. त्यावर नमद्याचं कप्पेवालं अस्तर घातलं तर सामान नीट राहतं, पण तेवढं वजनही वाढतं. फिकट अस्तराच्या बॅगेत गडद नमदा नको, रंग सुटतो. तसंच नवी गडद जीन्स आणि फिकट बॅग यांची गाठ पडू देऊ नये. मांडीला घासून चढलेली निळी झाक पुसून जात नाही.

बंद करण्याची रीत वेळखाऊ आहे. झाकण मागून पुढे आणायचं, त्याच्या खाचा पुढच्या हँडलच्या बुडाशी बसवायच्या, दोन्ही बाजूंचे पट्टे वरून ओढून त्यांची धातूची टोकं मधल्या खिट्टीवर चढवायची आणि खिट्टी फिरवायची. एका हाताने हे होत नाही. रोजच्या धावपळीत झाकण आत, मागच्या बाजूला सपाट दुमडून ठेवावं आणि पट्टे मात्र पुढे अडकवावेत. पट्टे मोकळे लोंबत राहिले तर बाजू फुगतात आणि धातूची टोकं टेबलाच्या कडेवर आपटतात. झाकण असं आत असेल तर लॅपटॉपला मऊ कव्हर हवंच, नाहीतर त्याचा कोपरा झाकणाच्या दर्शनी बाजूवर रेघोट्या मारतो.

कुलूप पहिल्याच आठवड्यात काढून ठेवावं. खिट्टीखाली झुलणाऱ्या कुलपाने चामड्यावर अर्धचंद्रासारखी दाबाची खूण पडते, जवळून पाहिलं की ती तिरक्या उजेडात चमकते. नेलकटर आणि साखळीच्या लोंबत्यांचंही तेच, शिवाय साखळी हँडलच्या रंगवलेल्या कडेला घासते आणि तिथला थर उडतो. मणी लावायचे तर कापडी फितीवर ओवून हँडलच्या बुडाशी सैल बांधावेत. स्टिकर अजिबात नको, काढताना डिंकाबरोबर वरचा रंग येतो.

हँडल सगळ्यात आधी काळवंडतात. तेलकट क्रीम एक कारण, सॅनिटायझर दुसरं. त्यातल्या अल्कोहोलने फिनिश मरतं आणि मॅट ठिपके उरतात, म्हणून हात पूर्ण सुकल्याशिवाय हँडल धरू नये. रेशमी ट्विली (अरुंद, लांबट स्कार्फ) हँडलवर गुंडाळली तर अर्धा वेढा अर्ध्यावर चढवत जावा आणि शेवटची गाठ बुडाशी घालावी. दमट हवेत ती आठवड्याला सोडून हँडलला वारा लागू द्यावा. ओल आत कोंडली की ट्विलीनेच नुकसान होतं.

पाऊस लागला तर टिपून घ्यायचं, चोळायचं नाही. आत पांढरा टिश्यू कागद भरून बॅग सावलीत सुकवायची. छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते. हेअर ड्रायरही नको. टोगो पाण्याचे थेंब बऱ्यापैकी सोसतं, गुळगुळीत बॉक्स लेदरवर फोड येतात.

शिवण या बॅगची खरी कमाई. मेण लावलेला लिननचा धागा, दोन सुया, दोन्ही बाजूंनी हाताने घातलेले तिरके टाके. एक धागा तुटला तरी दुसरा त्याच छिद्रातून धरून असतो, त्यामुळे शिवण उसवत जात नाही. भिंग लावलं तर टाक्यांची तिरकी रांग दिसते, काटकोनात सरळ नाही. आठ महिन्यांच्या ओझ्यानंतर हँडलच्या मुळाशी एकही टाका ढिला नाही.

लॅपटॉप न्यायचा नसेल तर ३० घ्या, ३० बाय २२ बाय १६ सेंटिमीटरमध्ये पैशाचं पाकीट, चष्मा, फोन आणि एक पुस्तक आरामात बसतं, आणि कोपरही वाचतं.