अडीच वर्षं, 23,000 किमी आणि बिघडलेला गिअरबॉक्स: सेकंडहँड स्पोर्ट्स कारचा रिव्ह्यू

गेल्या महिन्यात गाडी विकली. अडीच वर्षं वापरली, 48,000 किमीला घेतली होती आणि 71,000 ला गिअरबॉक्सने मान टाकली, त्यानंतरचे दोन महिने घरात एकच विषय होता, ही दुरुस्त करायची, बदलून नवीन घ्यायची, की विकून कर्ज फेडायचं. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. माझ्या एका गाडीवरून सगळ्या मॉडेलला नावं ठेवणं बरोबर नाही आणि जे सांगायचंय ते नावाशिवायही सांगता येतं.

आधी चांगलं सांगते कारण चांगलं खरंच खूप होतं. दोन दारं, दोन सीट, टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद मागच्या चाकांना आणि ड्युअल क्लच गिअरबॉक्स. सीट इतकी खाली की बसताना एक हात छताला लागायचाच. पण एकदा बसलं की पाठ अशी धरून ठेवायची की चार तास चालवूनही कंबर दुखली नाही. रात्री रिकाम्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना अॅक्सिलरेटर हळूच दाबला की मागची बाजू किंचित खाली बसते आणि गाडी पुढे ढकलल्यासारखी निघते, ते आपल्याला सीटमधून कळतं, कुठला मीटर बघावा लागत नाही. स्टिअरिंग मस्त, ब्रेक तर त्याहून मस्त. या बाबतीत माझी एकही तक्रार नाही आणि आजही ती गाडी आठवली की जीव तुटतो.

आता बिघाड. सुरुवात अगदी साधी होती, सकाळी थंड गाडीत पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मागून कोणीतरी टपली मारावी तसा धक्का. मला वाटलं थंडीमुळे असेल, गरम झाली की जायचं पण ते. मग तीन-चार महिन्यांनी ट्रॅफिकमध्ये अर्धा तास रांगल्यावर पिवळा दिवा लागला, गिअरचा आकडा लुकलुकायला लागला आणि गाडी पहिल्यातून एकदम तिसऱ्यात गेली. दुसरा नाही, चौथा नाही, सहावा नाही. पहिला, तिसरा, पाचवा, एवढेच. रिव्हर्स पडत होता म्हणून घरी आल्यावर पार्किंगमध्ये तरी लावता आली.

हे असं का होतं ते मला नंतर कळलं आणि कळल्यावर निम्मी भीती गेली, म्हणून इथे लिहिते. ड्युअल क्लच म्हणजे एका डब्यात दोन गिअरबॉक्स असल्यासारखं असतं, एक क्लच विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लावून तयार असतो, एक क्लच सुटतो आणि दुसरा पकडतो, म्हणून गिअर इतक्या पटकन बदलतात. ही कल्पना फार जुनी, फ्रेंच इंजिनिअर आडॉल्फ केग्रेस यांनी 1930 च्या दशकाच्या शेवटी मांडलेली. 1980 च्या दशकात पोर्शेने ती रेसिंगच्या गाड्यांत वापरली आणि 2003 साली फोक्सवॅगन गोल्फ आर32 मधून ती रोजच्या रस्त्यावर आली. माझी गाडी या दोघांपैकी कोणाचीच नाही. मुद्दा एवढाच की एका बाजूचं प्रेशर गडबडलं तर कॉम्प्युटर ती पूर्ण बाजूच बंद करतो आणि दुसऱ्या बाजूवर गाडी घरी पोचवतो. म्हणजे दुसरा, चौथा, सहावा एकदम गेले याचा अर्थ तीन गिअर तुटले असा नव्हे.

सर्व्हिस सेंटरमध्ये मात्र मला हे कोणी सांगितलं नाही. गाडी दोन दिवस ठेवून घेतली, स्कॅन केलं, आणि सांगितलं की मॅडम, पूर्ण गिअरबॉक्स असेंब्लीच बदलावी लागेल. इथे पैशांचे आकडे देत नाही, उगाच तुलना सुरू होते, त्यापेक्षा मी गाडी घेतली ती किंमत 100 धरा. तर असेंब्लीचं एस्टिमेट होतं 22. मी गप्पच बसले. आणि त्याच बैठकीत, चहा यायच्या आत, समोर नवीन मॉडेलचं ब्रोशर आणि एक्स्चेंजचा कागद. जुनीचे 38 देऊ, नवीन 120 ची आहे, डाउन पेमेंट काही नको, हप्ता तुमच्या आत्ताच्या हप्त्यापेक्षा थोडाच जास्त.

खरं सांगते, त्या क्षणी मी हो म्हणणार होते. बिघडलेल्या गाडीचा इतका वैताग आलेला असतो ना की नवीन गाडीचा वास, वॉरंटी, पुन्हा तो दिवा दिसणार नाही ही खात्री, एवढंच डोक्यात असतं. सही करायला पेन हातात घेतलं होतं. नवऱ्याचा फोन आला म्हणून उठले आणि तो म्हणाला, "अगं, आज नको, घरी ये, आधी बसून बघू." म्हणून वाचले.

घरी कागद पेन घेऊन बसलो. आमचं गाडीचं कर्ज होतं 80, पाच वर्षांचं, महिन्याला 1 टक्का व्याज. हप्ता 1.78. तीस हप्ते भरून झाले होते, म्हणजे बरोबर अर्धे, मला वाटत होतं आता 40 राहिले असतील. स्टेटमेंट काढलं तर 46 बाकी. तीस महिन्यांत साधारण 53 भरले, त्यातले 19 नुसतं व्याज. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा जास्त असतो हे माहीत होतं, पण स्वतःच्या स्टेटमेंटवर बघितल्यावर पोटात गोळा आला.

मग एक्स्चेंजचा हिशोब. जुनीचे 38 मिळणार, बाकी 46. उरलेले 8 कुठे जाणार? ते नवीन कर्जात मिसळलेले होते. म्हणजे 120 च्या गाडीवर 128 चं कर्ज, आणि हप्ता कमी दिसावा म्हणून मुदत सात वर्षं. हप्ता 2.26. ऐकायला थोडाच जास्त. 84 ने गुणा, 190 होतात! जी गाडी माझ्याकडे नाही तिचे 8 मी सात वर्षं व्याजासकट फेडणार होते, आणि नवीन गाडी शोरूममधून बाहेर पडल्या दिवसापासून तिची किंमत कर्जापेक्षा कमी असणार होती. तीन वर्षांनी पुन्हा काही बिघडलं की पुन्हा हेच, फक्त खड्डा आणखी खोल.

आणि क्रेडिट कार्डचं तर कोणी विचारलंच नव्हतं. कार्डवर 12 थकलेले होते. हे 12 कुठून आले ते मी त्या रात्री जुनी स्टेटमेंट उघडून शोधलं. मागचे रुंद टायर, जे मला चार वर्षं पुरतील असं वाटलं होतं आणि 18,000 किमीतच गुळगुळीत झाले. ब्रेकच्या डिस्क. इन्शुरन्स. सगळं कार्डवर टाकलेलं आणि दर महिन्याला मिनिमम ड्यू भरत राहिलेले. मिनिमम 5 टक्के, त्यातलं 3 टक्के व्याजातच जायचं, मुद्दल दोनच टक्क्यांनी कमी व्हायचं आणि तेवढ्यात काहीतरी नवीन खर्च निघायचा. महिना 3 टक्के म्हणजे वर्षाला 36 असं आपण म्हणतो, पण व्याजावर व्याज धरलं तर जवळजवळ 43 होतात, काहीच भरलं नाही तर दोन वर्षांत रक्कम दुप्पट. गाडीचा खरा खर्च मी हप्त्यात बघत होते आणि तो बसला होता कार्डात. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, गिअरबॉक्सपेक्षाही.

दुसऱ्या आठवड्यात फक्त गिअरबॉक्सचंच काम करणाऱ्या एका स्वतंत्र वर्कशॉपमध्ये गाडी टो करून नेली. हा रिव्ह्यू खरं तर त्यांच्यासाठीही आहे. तिथल्या मिस्त्रींनी आधी स्कॅनर लावला, सम बाजूच्या क्लच प्रेशरचा कोड दाखवला, मग ऑइल काढून पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाकले आणि शेजारी नवीन ऑइलचे दोन थेंब. नवीन मधासारखं, आमचं काळं आणि जळका वास. चुंबकावर करड्या रंगाची मऊ पेस्ट होती, ती बोटावर चोळून दाखवली, म्हणाले, "हे बघा ताई, नुसती पेस्ट आहे, कण असते, कपचे असते तर आत गिअर गेलेत असं म्हटलं असतं. तुमचा मेकॅट्रॉनिक गेलाय." मेकॅट्रॉनिक म्हणजे गिअरबॉक्सचा मेंदू आणि व्हॉल्व्ह एकत्र असलेला ब्लॉक, आमच्या गाडीत तो गरम ऑइलमध्येच बसलेला असतो. गिअरबॉक्सचं ऑइल बदला असं मॅन्युअलमध्ये 60,000 ला लिहिलंय, ते झालंच नव्हतं. आधीच्या मालकाकडून गाडी आली तेव्हा वेळ व्हायची होती आणि 60,000 ला सर्व्हिसमध्ये कोणी काढलं नाही, मीही विचारलं नाही.

त्यांचं एस्टिमेट 9. मेकॅट्रॉनिक, ऑइल, फिल्टर, क्लचचं अॅडॅप्टेशन (म्हणजे नवीन भागाशी क्लच पुन्हा जुळवून घेणं), आणि कामाची 12 महिन्यांची लेखी वॉरंटी. चार दिवस म्हणाले, सहा लागले, पण रोज फोन करून सांगत होते काय चाललंय. जुना भाग खोक्यात घालून परत दिला. वर्कशॉपला पाचपैकी पाच. सर्व्हिस सेंटरला दोन, तेही स्वागतकक्षातल्या मुलीच्या बोलण्यामुळे.

आता गाडी नीट झाली, मग ठेवायची का? यावर घरात दोन मतं होती आणि आठ दिवस आम्ही त्यावरच बोलत होतो. माझ्याकडे बचत होती 14, त्यातले 9 दुरुस्तीत गेले, उरले 5. ठेवली तर महिन्याला 1.78 चा हप्ता, कार्डचे 0.6, आणि वर्षभरात पुन्हा टायर. एक काहीही झालं, नोकरीत, तब्येतीत, तर 5 मध्ये किती दिवस काढणार? विकली तर दुरुस्त गाडीला बाजारात 57-58 मिळत होते. बिघडलेली तशीच विकली असती तर 44 ची ऑफर होती, म्हणजे कर्जही पूर्ण फिटलं नसतं. 9 घालून 14 वाढले. बिघडलेली गाडी रागाच्या भरात विकू नका असं मी सगळ्यांना सांगते ते याच्यामुळेच, आधी तिसऱ्या माणसाकडून नेमकं काय गेलंय ते समजून घ्या.

विकायला पाच आठवडे लागले. येणाऱ्या प्रत्येकाला गिअरबॉक्सचं काम झालंय हे पहिल्याच फोनवर सांगितलं. दोघांनी तिथेच फोन ठेवला, ठीक आहे. तिसऱ्याने बिल बघितलं, खोक्यातला जुना भाग हातात घेऊन बघितला, वर्कशॉपला स्वतः जाऊन आला आणि 58 ला घेतली. 46 कर्जाला, 12 कार्डाला. मुदतीआधी कर्ज बंद करायचा चार्ज 1 लागला, तो बचतीतून. हा चार्ज आधी विचारून घ्या, कर्जाच्या करारात लिहिलेला असतो पण पटकन सापडत नाही. गाडीवरचा कर्जाचा बोजा उतरल्याचं पत्रही मागून घ्या, आपोआप येईल म्हणून बसू नका.

सध्या सासऱ्यांची जुनी छोटी हॅचबॅक चालवते, पाच गिअर, मॅन्युअल, क्लच जड. महिन्याला जे 2.38 जात होते ते आता बचतीत जातात, चार-पाच महिन्यांत 14 पुन्हा होतील. स्पोर्ट्स कार पुन्हा घेईन का? घेईन. पण रोकड जमवून, आणि हलकी, साध्या मॅन्युअल गिअरची. माझदा एमएक्स-5 सारखी, 1989 पासून चालू आहे आणि 2016 मध्ये त्यांची दहा लाखावी गाडी बनली. पहिली पिढी तर हजार किलोच्याही आतली. वजन कमी म्हणजे टायर छोटे, ब्रेकवर ताण कमी, आणि मजा करायला फार ताकद लागत नाही.

ज्यांच्यावर कार्डचं कर्ज नाही, गाडीचं व्याज कमी आहे आणि दुरुस्तीनंतर हाताशी सहा महिन्यांचा खर्च उरतो, त्यांनी माझं ऐकून विकू नका, दुरुस्त करा आणि चालवा, इतकी सुंदर गोष्ट आहे ती. स्टिअरिंग, ब्रेक किंवा पेट्रोल गळतीचा प्रश्न असेल तर मात्र हिशोब नंतर, गाडी आधी उभी करा.

गाडीला पाचपैकी चार. चालवायला पाच, सांभाळायला तीन.

आणि अशी सेकंडहँड घ्यायला जाणाऱ्यांसाठी: मालकाला आधी फोन करून सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका, थंडच बघायचीय. बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. गिअरबॉक्स ऑइलचं बिल मागा, नुसता सर्व्हिसचा शिक्का नको, बिल. मग चाळीस मिनिटं चालवा, त्यातली निदान पंधरा ट्रॅफिकमध्ये, आणि चांगली गरम झाली की एखाद्या चढावर थांबून पहिल्यातून दुसऱ्यात अगदी हळू जाऊ द्या. थंड असतानाही हेच करून बघा, आमच्या गाडीने पहिली टपली थंडच असताना दिली होती.