मे महिन्यात पक्षी कुठे बघावेत?

भाचीनं विचारलं, सुट्टीतली एकच सकाळ आहे, तर पुणे जिल्ह्यात उजनी धरणाकाठच्या भिगवणला जाऊ की सासवडकडच्या माळांवर?

भिगवणला उजनीचं पाणी ओसरलेलं असतं. त्यामुळे रोहित (फ्लेमिंगो), चित्रबलाक, नदी सुरय असे पाणपक्षी थोडक्या वेळात दिसतात. होडीचं भाडं पडतं, सावली कुठेच नाही.

माळावर खर्च पेट्रोलचाच, पण पायपीट आणि चिकाटी हवी. नऊनंतर हवा थरथरते, दुर्बिणीतून काही धड दिसत नाही. तरी मला माळच प्रिय. धाविक, पखुर्डी, डोंबारी चंडोल हे माळावरचे पक्षी तिथेच भेटतात. माळटिटवी पोट भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. ती ओरडू लागली की लगेच मागे फिरा; उघडी अंडी उन्हात भाजतात.

आजी-आजोबा, लहान मुलं सोबत असतील तर भिगवण. एकटीनं, वही घेऊन निघणार असशील तर माळ.