बारा फुटाला एक फूट ढाळ, आणि त्यावरचा पत्रा

आमचं मोटार रिवाइंडिंगचं वर्कशॉप नागपुरात हिंगणा रोडला आहे. शेड २४ बाय ४० फूट, उतार एकाच बाजूला. मागे शेजाऱ्याची खिडकी येते, म्हणून दोन फुटांपेक्षा जास्त चढ देता येत नव्हता. म्हणजे पाच अंशांच्याही थोडं आतच. आधी सिमेंटचे पत्रे होते. इतक्या कमी ढाळावर ते टाकायलाच नको होते. वादळी पावसात जोडातून पाणी उलटं चढायचं, वानरांच्या उड्यांनी तडे गेले ते वेगळेच. आणि वाइंडिंग ओलं झालं की आमची मेहनत पाण्यात, अक्षरशः.

इतवारीत लोहाओळीला चौकशी केली. बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न, "रंग कोणता?" एकच दुकानदार म्हणाला, "भाव मंग सांगतो भाऊ, आधी ढाळ किती ठेवला ते सांगा." माल त्याच्याकडूनच घेतला.

त्याचा सल्ला असा, की ढाळ कमी असेल तर आडवा जोड ठेवायचाच नाही. १२-१२ फुटांचे दोन पत्रे एकावर एक चढवण्यापेक्षा २५ फुटांचा अखंड पत्रा कापून घ्यायचा. रोल फॉर्मिंगवाले, म्हणजे मशीनवर पत्र्याला नळ्या पाडणारे, हव्या त्या लांबीचा देतात. गाडीभाडं जास्त पडलं, पत्रा वर चढवायला माणसंही जास्त लागली, पण गळतीची अर्धी जागा तिथेच संपली. उरले फक्त उभे जोड. त्यांत ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) घातली आणि वरून पत्र्याला पत्रा जोडणारे स्टिच स्क्रू मारले.

पत्रा घेतला रंगीत गॅल्व्हल्यूम, म्हणजे अॅल्युमिनियम-जस्ताचा थर दिलेला, ०.५० मिमी. इथे डोळे उघडे ठेवा. ०.५० मध्ये रंग आणि थर धरलेला असतो, आतलं लोखंड ०.४५ च्या आसपास भरतं. स्वस्तवाला ०.५० म्हणतो तेव्हा कशासकट, ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. आमचा एझेड १५० आहे, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम अॅल्युमिनियम-जस्ताचा थर.

खरा पैसा मात्र पर्लिनवर, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या लोखंडी आधारांवर घालवला, आणि तो वसूल झाला. दुसऱ्या एका दुकानाने २ बाय २ चा सोळा गेजचा पाइप सुचवला होता. आमच्या फ्रेममधलं अंतर तेरा फुटांच्या वर, त्यात तो पाइप मधे झोल देणार. मोठ्या ढाळावर झोल खपून जातो, आमच्यासारख्या कमी ढाळावर त्या झोलातच पाणी साचतं. आम्ही ६ इंची सी-पर्लिन घेतली, चार-चार फुटांवर, आणि ती वाकू नये म्हणून मधे सॅग रॉड.

वाऱ्याचा हिशेब इंजिनिअरने समजावला. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाप्रमाणे नागपूरला वाऱ्याचा मूळ वेग धरतात सेकंदाला ४४ मीटर. त्याचा दाब होतो चौरस मीटरला साधारण ११८ किलो. कमी ढाळाच्या छताला वारा दाबण्यापेक्षा वर ओढतो, आणि पत्र्याचं वजन चौरस मीटरला पाच किलोही नाही. म्हणजे छत स्क्रूंच्याच भरवशावर. कडेच्या पर्लिनवर म्हणूनच प्रत्येक नळीवर स्क्रू मारला आहे, पाणी वाहतं त्या खोलगट भागात एकही नाही.

तक्रार फिटिंगची. दुकानानेच पाठवलेली टीम. पत्रे लावले सरळ, हात साफ, पण कडा ग्राइंडरने कापल्या. ठिणग्या रंगावर बसल्या, ड्रिलचा बारीक कीस तसाच सोडला. रात्री सर पडली, सकाळी पांढऱ्या पत्र्यावर तांबूस ठिपके. कीस रोज संध्याकाळी मऊ ब्रशने झाडायचा आणि कापायला निबलर (ठिणग्या न उडवता पत्रा कुरतडणारं यंत्र) वापरायचा, हे आधीच बजावून ठेवा. सोबत फुकट दिलेल्या स्क्रूंचे वॉशर तर हाताने दाबले तरी चिरत होते. ते परत केले, ईपीडीएम (ऊन-पावसात टिकणारं रबर) वॉशरवाले वेगळे विकत घेतले. दुकानदाराने कुरकुर न करता पैसे वळते केले, हे त्याच्या बाजूने.

पन्हाळीत कंजूषी नको. तासाला १०० मिमी पाऊस धरला तर एवढ्या छतावरून नऊ हजार लिटरच्या घरात पाणी उतरतं. आम्ही दोन्ही टोकांना ६ इंची पाइप सोडले.

पावसाळा कोरडा गेला, म्हणजे आतून. उन्हाळ्याचं विचाराल तर २०१३ च्या मेमध्ये ४७.९ अंश बघितलेल्या गावात नुसता पत्रा म्हणजे तवाच. पांढरा रंग आणि खाली फॉइलचं बबल इन्सुलेशन घातल्यामुळे दुपारी पोरं काम सोडून बाहेर पळत नाहीत, एवढंच म्हणेन. ऐपत असेल तर पफ पॅनेल (दोन पत्र्यांमधे फोम भरलेलं) घ्या, आमची नव्हती. टीमवाला वर टर्बो व्हेंटिलेटर, म्हणजे वाऱ्याने फिरून गरम हवा बाहेर काढणारा पंखा, बसवा म्हणून मागे लागला होता. एवढ्या मेहनतीने कोरड्या केलेल्या छताला भोकं कशाला पाडू? दोन एक्झॉस्ट भिंतीत लावले.