बेरी रंगाची चकाकती लिप पेन्सिल: लाकडी, फिरवायची की सडपातळ लिपस्टिक?

रंग आणि चकाकी एकाच कांडीतून हवी असेल आणि त्यासाठी उंची ब्रँडची किंमत मोजण्याची तयारी असेल, तर निवड प्रामुख्याने तीन प्रकारांत करावी लागते. पहिला प्रकार जाड लाकडी पेन्सिलीचा. तिचे टोक शार्पनरने काढावे लागते, आणि नार्सची ‘व्हेल्व्हेट ग्लॉस लिप पेन्सिल’ हे तिचे ओळखीचे उदाहरण आहे. दुसरा प्रकार बुडाशी फिरवून वर काढायच्या जाड कांडीचा. क्लिनीकची ‘चबी स्टिक’ या प्रकारात मोडते. तिसरी वस्तू नावाने लिपस्टिक असली तरी जाडीने आणि वापरण्याच्या पद्धतीने पेन्सिलीच्याच जवळची आहे. ती म्हणजे क्लिनीकचीच ‘ऑलमोस्ट लिपस्टिक’, जिची ‘ब्लॅक हनी’ ही छटा बेरी रंगांच्या चाहत्यांना बहुधा ठाऊक असते. तिन्ही प्रकार वापरून झाल्यावर माझे मत असे झाले आहे, की बेरी छटा निवडताना ब्रँडचे नाव शेवटी पाहावे. आधी रंग किती पारदर्शक आहे ते पाहावे आणि मग ती कांडी आपण दिवसात कुठे आणि कशी वापरणार आहोत याचा विचार करावा.

पारदर्शकतेचा मुद्दा आधी घेण्याचे कारण असे, की चकाकी मुळात तेलातून येते. कॅन्डेलिला किंवा कार्नोबासारख्या मेणांमुळे कांडीला आकार मिळतो, तर एरंडेलासारखी जड तेले ओठांवर गुळगुळीत थर धरतात आणि त्या थरावरून प्रकाश परावर्तित होतो. मॅट, म्हणजे न चकाकणाऱ्या, लिपस्टिकमध्ये रंगद्रव्य आणि भुकटीचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे ती ओठांचा मूळ रंग झाकून टाकते. चकाकत्या पेन्सिलीत तेल वाढते आणि रंग तुलनेने विरळ होतो, म्हणून ओठांचा मूळ रंग त्यातून दिसतो. बेरी छटेत लाल रंगद्रव्याबरोबर थोडा निळा किंवा तपकिरी अंश मिसळलेला असतो. तोच अंश सावळ्या किंवा गडद कडांच्या ओठांवर खुलतो, तर फिकट ओठांवर तीच कांडी साधी गुलाबी वाटू शकते. ‘ब्लॅक हनी’ हे याचे बोलके उदाहरण आहे. 1971 साली ही छटा छोट्या डबीतील ग्लॉस म्हणून आली आणि 1989 मध्ये तिला आजचे सडपातळ लिपस्टिकचे रूप मिळाले. नळीत पाहिली तर ती जवळजवळ काळी दिसते, पण ओठांवर जांभळट लालसर झाक तेवढी उमटते आणि ती झाक प्रत्येकीच्या ओठांवर थोडी वेगळी असते.

आपल्याकडे अनेकींचा वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद असतो. फिकट गुलाबी ग्लॉस लावला की हा फरक उठून दिसतो आणि वरचा ओठ राखाडी वाटू लागतो. बेरी छटेत मात्र तो बराचसा सामावून जातो. चकाकी पहिल्यांदाच वापरून पाहणाऱ्या सावळ्या मैत्रिणीला मी म्हणूनच गुलाबीऐवजी बेरी सुचवते. तरीही दोन्ही ओठ अगदी एकसारखे दिसायला हवे असतील, तर या तिघींपैकी कोणतीही घेऊ नये. त्यासाठी अपारदर्शक मॅट पेन्सिल घ्यावी आणि चकाकी हवी त्या दिवशी तिच्यावर पारदर्शक ग्लॉसचे एक बोट फिरवावे.

रंगाचा भरणा आणि कडा या दोन बाबतींत लाकडी पेन्सिल सरस ठरते. ताजे टोक काढलेले असेल, तर वरच्या ओठाची कमान आणि ओठांचे कोपरे तिने नेटके रेखता येतात आणि दोन हात फिरवले की रंगही बऱ्यापैकी दाट बसतो. मात्र हे टोक फार काळ टिकत नाही, कारण गाभा मऊ असतो. नेहमीच्या आयलायनरच्या शार्पनरमध्ये ही जाड पेन्सिल जात नाही, त्यासाठी मोठ्या भोकाचा शार्पनर लागतो, आणि टोक काढण्यापूर्वी पेन्सिल दहा-पंधरा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवली नाही तर लाकडाच्या ढलप्यांबरोबर रंगाचाही लगदा निघतो. फिरवायच्या कांडीत ही कटकट नाही. तिचे टोक गोलसर असल्यामुळे रेषा आखता येत नाही हे खरे, पण आरशाशिवाय, लोकलच्या डब्यात उभ्या उभ्याही ती लावता येते. सडपातळ लिपस्टिक या दोहोंच्या मधली आहे. तिने लावणे सोपे आहे, परंतु कांडी नाजूक असल्यामुळे ती एका वेळी थोडीच वर काढावी लागते.

किमतीचा हिशेब दुकानात पाटीवर दिसतो तसा नसतो. नेहमीची लिपस्टिक साधारण 3 ते 3.5 ग्रॅम भरते. ‘चबी स्टिक’ 3 ग्रॅमची आहे आणि ‘ऑलमोस्ट लिपस्टिक’ अवघी 1.9 ग्रॅमची. समजा, दोन कांड्यांची किंमत प्रत्येकी 2,850 रुपये आहे. मग 3 ग्रॅमच्या कांडीत एक ग्रॅम 950 रुपयांना पडतो, तर 1.9 ग्रॅमच्या कांडीत तोच 1,500 रुपयांना. लाकडी पेन्सिलीच्या बाबतीत वेष्टनावर लिहिलेले वजन पूर्ण ओठांवर येतच नाही, कारण दर वेळी टोक काढताना काही भाग शार्पनरच्या पात्याला आणि कचऱ्याच्या डब्याला जातो. दररोज वापरणारीने हा तोटा गृहीत धरावा. महिन्यातून दोन-चार वेळा वापरणारीला तो विशेष जाणवणार नाही.

टिकण्याच्या बाबतीत तिन्ही प्रकारांकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. तेलाचा थर कपाला लागतो आणि तेलकट जेवणात तर विरघळूनच जातो. फोडणीची भाजी आणि पोळी खाल्ल्यावर चकाकी पूर्णपणे गेलेली असते आणि रंगाची फक्त कडेला रेघ उरते. पुण्यात दुचाकीवर तोंडाला स्कार्फ बांधून जाणाऱ्या मुलींनी हा विचार अवश्य करावा, कारण बेरी रंगाचा डाग फिकट सुती कापडावर लगेच दिसतो आणि स्कार्फ नसेल तर वाऱ्याने केस ओठांना चिकटतात. प्रवास संपल्यावर लावणे हाच त्यावर व्यवहार्य उपाय आहे, आणि त्यासाठी पर्समध्ये शार्पनर बाळगावा न लागणारी फिरवायची कांडी अधिक सोयीची पडते. ओठांच्या कडेच्या बारीक सुरकुत्यांत रंग पसरत असेल, तर खाली त्याच रंगाच्या कोरड्या लिप लायनरची रेघ द्यावी. तेवढे केल्यास लाकडी पेन्सिलीचा कडेचा फायदाही फारसा उरत नाही.

लग्नसमारंभाचे गणित वेगळे आहे. पैठणीवर बेरी रंग शोभतो, विशेषतः साडी हिरवी किंवा गडद निळी असेल तर, पण नथ घातल्यावर तिचे मोती वरच्या ओठाच्या अगदी जवळ येतात आणि बोलताना, हसताना ओल्या चकाकीला टेकतात. खरे मोती तेलाने आणि प्रसाधनांनी निस्तेज होतात, म्हणून आजीची नथ घालणार असाल तर त्या दिवशी वरच्या ओठावर चकाकी नको. टिशू पेपरने टिपून रंग तेवढा ठेवावा आणि चकाकी फक्त खालच्या ओठाच्या मधोमध द्यावी. हे काम सडपातळ लिपस्टिकने उत्तम होते, कारण तिचा थर तिघींत सर्वांत पातळ आहे.

हवामानाचाही परिणाम होतो. विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीत राहिलेली कोणतीही तेलयुक्त कांडी मऊ पडते आणि कधी तिच्या पृष्ठभागावर तेलाचे थेंब दिसू लागतात. फिरवायची कांडी अशा वेळी वाकते किंवा टोपणात चिकटते. लाकडी पेन्सिलीत गाभ्याला लाकडाचा आधार असल्यामुळे नुकसान टोकापुरते राहते. उलट कोरड्या थंडीत ओठांची सालपटे निघालेली असताना तिन्ही प्रकार निराशा करतात. सालपटांवर रंग जास्त धरला जातो आणि गडद बेरी छटेत ते ठिपक्यांसारखे दिसते, म्हणून आधी साधा लिप बाम लावून, थोडे थांबून, मगच रंग लावावा.

दुकानात नमुन्याची कांडी थेट ओठांना लावू नये. मनगटाच्या आतल्या बाजूपेक्षा बोटाच्या टोकाची त्वचा ओठांच्या रंगाच्या अधिक जवळची असते, म्हणून तिथे लावून पाहावे आणि पिवळ्या दिव्यांपासून दूर, खिडकीच्या उजेडात जाऊन ठरवावे. परदेशी बनावटीच्या वस्तूवर आयातदाराचे नाव-पत्ता आणि आयात नोंदणी क्रमांक छापलेला असावा. तो नसेल तर सवलत कितीही मोठी असो, वस्तू परत ठेवावी. शाकाहाराचा प्रश्न महत्त्वाचा असेल, तर घटकांच्या यादीत ‘कार्माइन’ किंवा ‘सीआय 75470’ शोधावे. हा लाल रंग कोचिनील किड्यांपासून काढतात आणि बेरी छटांमध्ये तो वापरला जाणे नवल नाही. मेणमाश्यांचे मेणही याच यादीत दिसू शकते.

मला स्वतःला एकच घ्यायची असती तर रोजच्या वापरासाठी मी फिरवायची कांडी घेतली असती. मॅट लिपस्टिकची सवय असलेल्या, कडा नेटक्या हव्या असणाऱ्या आणि टोक काढण्याचा कंटाळा नसलेल्या मैत्रिणीला मात्र लाकडी पेन्सिलच सांगेन. ‘ब्लॅक हनी’ची शिफारस मी मेकअप जवळजवळ न करणारीला करते, कारण घाईत वेडीवाकडी लागली तरी ती उठून दिसत नाही.