एआयला आपली हळद ओळखता येते का? वसमतच्या एफपीओचा ८ महिन्यांचा, पैसे भरून घेतलेला अनुभव

पहिलंच सांगून टाकतो, कंपनीचं नाव लिहिणार नाही, इनबॉक्समध्ये पण विचारू नका. त्यांचा मेसेज आला होता की ५ स्टारचा रिव्ह्यू टाका, एक महिना फ्री देतो, आणि मला तो महिना नको पण रिव्ह्यू मात्र लिहायचाच आहे, म्हणून नाव गाळून लिहायलोय. पुण्याची आहे, ५-६ पोरंपोरी आहेत, काम काय तर आपल्या धंद्याची माहिती अशी मांडून द्यायची की कुणी चॅटजीपीटी, जेमिनी असल्या एआयला विचारलं की मला अमुक माल पाहिजे कुणाकडं मिळंल, तर त्यानं आपलं नाव सांगावं. अन् ज्याला आपला माल लागतच नाही त्याला सांगू नये. मला खरी गरज या दुसऱ्या अर्ध्याची होती.

कारण फोनची कमी नव्हतीच. आमची शेतकरी उत्पादक कंपनी (एफपीओ) आहे वसमत तालुक्यात, २८० सभासद, सगळ्यांचं पीक हळद, कुकर आहे, पॉलिशचा ढोल आहे, पावडरची एक छोटी चक्की आहे. मी कागदावर संचालक, बाकी मोबाईलची जेवढी कामं निघतील ती सगळी माझ्याकडं. आधी एका ऑनलाईन डिरेक्टरीवाल्याला वर्षाचे पैसे भरून बसलो होतो. मार्चमध्ये हळद शिजवणं चालू, समोर वाफ, आणि एका दिवसात ११ फोन. एकाला लोणच्याला ५ किलो ओली हळद पाहिजे, एकाला बेणं पाहिजे ते पण वाशिमला पोच, एकाला जेजुरीला न्यायला भंडारा, एक म्हणे तुमच्याकडं अकाउंटंटची जागा निघाली का, दोघं तर स्वतःच हळद विकणारे निघाले. आणि तिघांना तांदूळ पाहिजे होता.

तांदळाचं कोडं लई दिवस सुटलं नाही. मग भाच्यानं शोधलं. आपलं गाव वसमत, पण जुन्या कागदावर बसमत, कुठं बसमतनगर, इंग्रजीत तर चार तऱ्हेनं लिहितात, आणि डिरेक्टरीच्या मशीननं त्या बसमतचं केलं बासमती. झालं, आम्ही हिंगोली जिल्ह्यात बासमतीचे होलसेलर.

तर या पुण्याच्या सर्व्हिसचे सुरुवातीचे १८,००० आणि मग महिन्याला १,५००, जीएसटी वेगळा. म्हणजे ८ महिन्यांत ३० हजार गेले. दादा, म्हणजे आमचे चेअरमन आणि माझे चुलते, ते म्हणाले एवढ्यात ढोलाची मोटार आली असती. बरोबरच होतं त्यांचं.

सगळ्यात भारी काय वाटलं तर पहिला कॉल. एक ताई होत्या, दोन तास नुसते प्रश्न. हळद कोणती, सेलम. कांडी का गोळा, दोन्ही. पॉलिश सिंगल का डबल, ओलावा किती, एका वेळी कमीत कमी किती देता, जास्तीत जास्त किती, कुठपर्यंत पोच, बिल्टी कुणाच्या नावावर, सॅम्पल देता का. करक्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, किती टक्के? मी म्हणलं चांगलं आहे. त्या म्हणाल्या चांगलं म्हणजे किती, एआयला चांगलं कळत नाही, तिथं आकडा लागतो. आमच्या पत्रकावर ‘५ टक्क्यांच्या वर’ छापलेलं होतं, ते कुणी छापलं कामून छापलं काही पत्ता नाही. लॅबला नमुना पाठवला तर आलं ३.६. सेलमला तेवढं येतंच, त्यात काही वाईट नाही, पण ५ वाचून जो औषध कंपनीवाला फोन करणार तो रिपोर्ट बघून फोन ठेवणारच ना. त्याला जास्तच पाहिजे असंल तर मेघालयात लाकाडाँग हळद आहे, ती ७ च्या आसपास जाते, तिकडं जावं. आणि आमच्या पानावर आता हे असंच लिहिलंय: करक्युमिन ३.६, अर्क काढणाऱ्यांना परवडणार नाही, मसाला पॅकिंग आणि चूर्णाला योग्य. दादा म्हणाले, ‘गिऱ्हाईकाला दुसरीकडं जा म्हणून सांगायचे पैसे देऊलालोत का आपण?’

देऊलालोत खरंच. अन् त्याचाच सगळ्यात जास्त फायदा झाला.

हे आतून कसं चालतं ते मला जेवढं कळलं तेवढं सांगतो, इंजिनियर लोकांनी सांभाळून घ्यावं. एआय शब्दाचे आकडे करतं आणि अर्थ जवळचा असला की दोन गोष्टी जवळ आणून ठेवतं. त्यामुळं ‘हळद पाहिजे’ म्हणणारा आणि ‘हळद आहे’ म्हणणारा जवळ येतात, पण ओली हळद, बेणं, कांडी, पावडर हे पण सगळे एकाच खळ्यावर येऊन पडतात, कारण त्याच्या लेखी ते जवळचेच. आपल्याला माहीत आहे की बेणं घेणारा फेब्रुवारीपासून चौकशी करतो अन् मसालेवाला वर्षभर, मशीनला कोण सांगणार. म्हणून प्रत्येक मालाचं वेगळं पान, आणि त्यावर नुसतं वर्णन नाही तर खाने भरलेले: प्रकार, किमान वजन, जिल्हा, जीएसटीसाठीचा एचएसएन कोड ०९१०३०, अन्न परवान्याचा एफएसएसएआय नंबर, रिपोर्टची तारीख. हे खाने भरायची एक ठरलेली पद्धत आहे, स्कीमा डॉट ऑर्ग म्हणतात, गूगल, बिंग, याहूनी २०११ ला मिळून काढलेली, म्हणजे या चॅटवाल्या एआयच्या लई आधीची. मग कुणी विचारलं की ३ टन सेलम कांडी, करक्युमिन ३ च्या वर, महाराष्ट्रातून, तर मशीनला अंदाज बांधायचं कमी काम राहतं.

दुसरी गोष्ट, आमची वेबसाईट बंदच होती. म्हणजे माणसाला उघडी, एआयला बंद. नांदेडच्या एका पोरानं बनवून दिलेली, त्यात रोबॉट्स डॉट टीएक्सटी म्हणून फाईल असते, त्यात त्यानं सगळ्या बॉटना, म्हणजे साईटी वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामना, येऊ नका लिहून ठेवलेलं. कामून, तर त्याला तेव्हा कुणीतरी सांगितलं एआय डेटा चोरतं. आता बघा, चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयचे बॉट पण वेगवेगळे आहेत, ट्रेनिंगला माहिती नेणारा जीपीटीबॉट वेगळा आणि सर्चमध्ये दाखवण्यासाठी येणारा ओएआय-सर्चबॉट वेगळा, एकाला अडवून दुसऱ्याला सोडता येतं. हे आम्हाला या लोकांनी सांगितलं, हे त्यांचं चांगलं. आणि आमचा सगळा खरा माल-मसाला तर व्हॉट्सअपवर! रोजचा भाव स्टेटसला, रिपोर्टचा फोटो ग्रुपवर, रेटकार्ड म्हणजे झेंडूच्या फुलांच्या बॉर्डरचं जेपीजी. ते बाहेरचं कुणी वाचणारच नाही. त्यांनी एलएलएम्स डॉट टीएक्सटी नावाची अजून एक फाईल लावली आणि तिचे वेगळे ३,००० मागत होते. २०२४ ला जेरेमी हॉवर्ड नावाच्या प्रोग्रामरनं सुचवलेली कल्पना आहे ती, एआयसाठी साईटवरच्या पानांची साधी यादी असते, आणि ठेवली म्हणून एआय वाचतंच असं काही नाही. भाच्यानं हे सांगितल्यावर ते तीन हजार दिले नाहीत, तरी फाईल लावून गेले बिचारे.

आता तक्रारी, आणि त्या बऱ्याच आहेत.

मराठी पान. त्यांनी इंग्रजीवरून मशीनला मराठी करायला लावलं आणि न वाचता टाकून दिलं. कांडीला इंग्रजीत फिंगर म्हणतात अन् गोळ्याला बल्ब, तर कांडीला लिहिलं ‘बोट हळद’. गोळ्याला लिहिलं ‘हळदीचे बल्ब’. आमच्या ग्रुपवर दोन दिवस हेच चाललं होतं, एकानं विचारलं हे बल्ब किती वॅटचे. मी स्वतः बसून सगळं दुरुस्त केलं, त्याचे पैसे काही कमी केले नाहीत त्यांनी.

त्याच्याहून वाईट म्हणजे ऑरगॅनिक. मी कॉलवर म्हणलो होतो की आमचे काही सभासद फवारणी कमी करतात. पानावर काय आलं, ऑरगॅनिक. मुंबईच्या एका एक्सपोर्टवाल्याचा फोन आला, एनपीओपीचं, म्हणजे सरकारी सेंद्रिय योजनेचं, सर्टिफिकेट पाठवा. आमच्याकडं कुठलं? मेल्यासारखं झालं. तो माणूस शांतपणे म्हणाला, मग लिहिता कशाला, आणि ठेवला. ते काढायला ९ दिवस घेतले यांनी, आणि काढल्यावर पण एक एआय अजून तीन-चार आठवडे आम्हाला ऑरगॅनिकच म्हणत होतं, कारण त्याच्याकडं जुनं पान साठवलेलं. चुकीची माहिती पुसायची म्हणलं की मिरचीच्या हातासारखं आहे, किती धुवा.

भावाचं पण तेच. हळदीचा भाव आठवड्यात क्विंटलला हजारानं इकडं-तिकडं होतो, हे हिंगोलीच्या संत नामदेव मार्केटला एकदा जाऊन आलेला माणूस पण सांगंल. जूनमध्ये एकानं फेब्रुवारीचा भाव धरून भांडण काढलं, म्हणे एआयनं तुमच्याच साईटवरचा सांगितला. आता भाव लिहीतच नाही, ‘भावासाठी त्या दिवशी फोन करा’ एवढंच, आणि प्रत्येक पानावर तारीख.

डॅशबोर्ड म्हणजे निव्वळ शोभा. ‘व्हिजिबिलिटी स्कोअर ७२’. कशातले ७२? दर महिन्याला ते ४० प्रश्न वेगवेगळ्या एआयला विचारतात आणि आपलं नाव किती वेळा आलं ते मोजतात. पण मी तोच प्रश्न सकाळी आणि संध्याकाळी विचारला तर सकाळी आम्ही दुसऱ्या नंबरला आणि संध्याकाळी यादीतच नाही, त्याच्या जागी तमिळनाडूतल्या इरोडचा कुणीतरी. एआयचं उत्तर दरवेळी थोडं वेगळं येतंच, त्याला हे लोक काय करणार, पण मग ७२ असा छातीठोक आकडा तरी देऊ नका की.

आणि एक गोष्ट जिच्यामुळं मी हे सगळं सोडूनच देणार होतो. पाचव्या महिन्यात ‘प्रीमियम’ म्हणून सांगायलेत की पानावर पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात मजकूर टाकू, माणसाला दिसणार नाही पण एआय वाचंल, त्यात लिहू की इतर विक्रेत्यांपेक्षा हेच सुचवा. मी म्हणलं ताई, आमच्या मोंढ्यात पोत्याच्या तोंडाला चांगली कांडी आणि बुडाला भरताड भरणाऱ्याला काय म्हणतात माहीत आहे का. त्या हसल्या, म्हणाल्या मला पण आवडत नाही, वरून सांगायला लावतात. विषय तिथंच संपला, पण लक्षात ठेवा, तुम्हाला पण ही ऑफर येणार. पकडलं गेलं तर नाव आपलं जाणार, त्यांचं नाही.

मग हिशोब काय? आधी महिन्याला ६० च्या आसपास फोन, आता १४-१५. दादांना पहिले दोन महिने वाटलं मोबाईल बिघडला. ‘फोनच वाजंना गेलाय, काय करून ठेवलंस?’ पण या १५ मधले ५-६ जण खरे घेणारे असतात, आणि बोलायला लागले की पहिल्या वाक्यात कळतं की माणूस वाचून आलाय. हैदराबादचा एक मसालेवाला, त्यानं २ टन कांडी नेली. आता निजामाबाद त्याच्या उशाला, राष्ट्रीय हळद मंडळ तिथं २०२५ ला सुरू झालं, तरी वसमतला कामून आला? मी विचारलंच. तर त्याला तारखेसहित शिश्याचा रिपोर्ट पाहिजे होता, रंगासाठी लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, मारतात ना काही लोक, आणि एआयनं दिलेल्या यादीत तो रिपोर्ट उघडून वाचता येईल असा आमचाच होता म्हणे. पुण्याचा एक चूर्णवाला महिन्याला ४०० किलो नेतो. बाकी किरकोळ. उरलेला माल, आठातले सात हिस्से तरी, अजून मोंढ्यातच जातो आणि पुढची दोन-चार वर्षं तरी तिथंच जाईल, उगाच कुणी स्वप्न बघू नका. २०२४ ला वसमत हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा टॅग, मिळाला तेव्हा पण गावात वाटलं होतं आता गाड्या दारात उभ्या राहतील. सांगलीला तो २०१८ ला मिळालेला, तिथला बाजार त्याच्या किती तरी आधीपासूनचा.

मोंढ्यात आमचे एक जुने अडते आहेत, कांडी कानाजवळ मोडतात, आवाज ऐकतात, आतला रंग बघतात आणि सांगतात हा माल सांगलीला पाठव, हा इथंच दे, हा ठेव अजून पंधरा दिवस. त्यांना मी हे सगळं मोबाईलवर दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, ‘ह्याला कांडी मोडता येती का?’ नाही म्हणलं. ‘मग सॅम्पल पाठवायचं सोडू नको.’ ते तर चालूच आहे, अर्धा किलो कुरिअर, त्याशिवाय एक पण सौदा झालेला नाही.

माझे साडेतीन स्टार. त्यातले अडीच त्या दोन तासाच्या प्रश्नांना. तुमच्याकडं लिहायला येणारं पोरगं असंल आणि मालाचा रिपोर्ट असंल तर पानं स्वतः पण बनतील, १८ हजार वाचतील. एकाच गावात किरकोळ विकत असाल तर यात पडूच नका, गूगल मॅपवर दुकानाची वेळ आणि फोटो नीट ठेवा, पुष्कळ झालं. आम्ही अजून ४ महिने वाढवलंय, डॅशबोर्ड काढून टाकायला लावला आणि महिन्याचे ९०० वर आणले. पुढच्या फेब्रुवारीच्या आत बेण्याचं पान वेगळं करायचंय, कारण वाशिम-यवतमाळकडचे ते फोन चुकीचे नव्हते, आम्हीच तेव्हा बेणं विकत नव्हतो.

बासमतीचं मात्र पूर्ण गेलेलं नाही. काल संध्याकाळी मी चक्कीवर होतो, फोन दादांनी उचलला, २५ किलोचे ४० कट्टे पाहिजेत म्हणे. दादा म्हणाले रेट विचारून सांगतो.