गॅस बॉयलरचा क्लिपवाला गरम पाण्याचा सेन्सर: बदलण्याआधी ओहम मोजा

घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणाऱ्या कॉम्बी बॉयलरमध्ये तांब्याच्या पाइपवर स्प्रिंग क्लिपने बसणारा १० किलोओहमचा एनटीसी सेन्सर (तापमान वाढलं की याचा विद्युत रोध कमी होतो) सुटा मिळतो. पाण्याला हात न लावता तो दोन मिनिटांत बदलता येतो, हा त्याचा मोठा गुण. पाण्यात बुडणारा प्रकार बदलायचा तर आधी थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून पाणी काढावं लागतं आणि ओ-रिंगही (गळती रोखणारी रबरी कडी) नवी लागते. शिवाय क्षार साचले की तो उशिरा प्रतिसाद देतो आणि नळाचं पाणी कधी कढत, कधी कोमट येतं.

पण एरर कोड दिसला म्हणजे सेन्सर गेलाच, असं नाही. बॉयलरची वीज बंद करा, कनेक्टर काढा आणि मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवून सेन्सरच्या दोन पिनांवर मोजा. कनेक्टर लागलेला असताना घेतलेलं माप खोटं, कारण बॉयलरच्या कंट्रोल बोर्डावरचे रेझिस्टरही त्यात मिसळतात. २५ अंशांना सुमारे १०, ४० ला साधारण ५.३ ते ५.८ आणि ६० ला २.५ ते ३ किलोओहम यायला हवेत. आकडा अनंत असेल तर आतली तार तुटली आहे, शून्याजवळ असेल तर शॉर्ट. मोजताना वायर हलवा. आकडा उड्या मारत असेल तर दोष वायरीत आहे. पिना हिरव्या पडल्या असतील तर आधी त्या साफ करा. गंजामुळे वाढलेला रोध बोर्डाला थंड पाण्यासारखा दिसतो, आणि मग बॉयलर पाणी जास्तच तापवतो.

सुटा सेन्सर घेताना लोक फक्त '१० के' बघतात, खरी चूक तिथे होते. बीटा मूल्यही, म्हणजे तापमानाबरोबर रोध किती वेगाने बदलतो ते सांगणारा आकडा, जुळलंच पाहिजे. बोर्ड ३९७७ चा आणि सेन्सर ३४३५ चा असेल तर २५ अंशांना दोघांचं तंतोतंत जमतं, पण पाणी ६० ला पोचलं तरी बोर्डाला ते ५५ च्या आसपास वाटतं. लहान मुलं असलेल्या घरात हा फरक भाजण्याइतका गंभीर आहे. बीटा छापलेला नसलेला सेन्सर घेऊच नये.

बसवताना पाइपवरचा रंग, गंज बारीक सँडपेपरने काढा. क्लिप पाइपच्या व्यासाचीच हवी: १५ मिमीच्या पाइपवर १८ ची ढिली बसते आणि सेन्सर हवेचं तापमान सांगू लागतो. वायरी उलटसुलट लागल्या तरी चालतात. मात्र सेन्सरपर्यंत जायला ज्वलनकक्षाचं सीलबंद झाकण उघडावं लागत असेल, तर ते काम गॅसच्या अधिकृत तंत्रज्ञाचंच.