अम्मानचा गड: खांब नंतर, आधी हात

जबल अल्-कलआवर, म्हणजे जॉर्डनच्या राजधानीतल्या या गडाच्या टेकडीवर, आलेले बहुतेक जण आधी हर्क्युलिसच्या देवळाच्या उंच खांबांखाली फोटो काढतात आणि शेजारी पडलेल्या संगमरवरी हाताला वळसा घालून निघून जातात. क्रम उलटा ठेवावा. मुठीत वळलेली तीन बोटं आणि कोपराचा तुकडा, शिल्लक एवढंच. शेजारी कुणी उकिडवं बसलं की बोटांची जाडी लक्षात येते. अख्खा पुतळा १२ मीटरहून उंच असावा असा अंदाज आहे. म्हणजे समोरच्या साधारण १० मीटरच्या खांबांपेक्षाही वरचढ. ही तुलना डोक्यात घेऊन मग खांबांकडे बघावं.

देऊळ इ. स. १६२ ते १६६ मधलं, रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळातलं. तेव्हा या शहराचं नाव फिलाडेल्फिया होतं. आज दिसणारे खांब मात्र सलग उभे राहिलेले नाहीत. भूकंपांनी पाडलेले तुकडे जुळवून ते १९९० च्या दशकात पुन्हा उभे केले.

परदेशी पाहुण्यांना तिकीट ३ दिनार. जॉर्डन पास (पर्यटकांसाठीचा अनेक ठिकाणांचा एकत्रित प्रवेशपास) असेल तर वेगळं काढायची गरज नाही. पास ७० दिनारांपासून सुरू होतो. तो देशात पोचण्याआधी घेतला आणि किमान तीन रात्री मुक्काम केला, तर ४० दिनारांची व्हिसा फी वाचते. नुसत्या गडासाठी पास घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. पेट्रा हे खडकात कोरलेलं प्राचीन शहर करणार असाल तरच तो परवडतो.

वर जाताना टॅक्सी करावी (मीटर टाकायला लावा), उतरताना पायऱ्यांनी खालच्या रोमन थिएटरकडे जावं. उलट केलं तर चढ दम काढतो आणि वर सावली जवळपास नाहीच. दुपार टाळा, पाणी सोबत ठेवा, तळ घट्ट असलेले बूट घाला. झिजलेल्या दगडावर पाय सटकतो. बंद व्हायची वेळ ऋतूप्रमाणे आणि रमजानमध्ये बदलते. सूर्यास्ताच्या भरवशावर जाणाऱ्यांनी ती आधीच विचारून घ्यावी.

गडावरचा उमय्याद (सुरुवातीच्या इस्लामी घराण्याच्या काळातला) राजवाडा आणि छोटं संग्रहालय धरून दोन तास पुरतात. खालचं ६,००० आसनांचं थिएटर उत्तराभिमुख बांधलंय, प्रेक्षकांच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून. गडाच्या कड्यावरून ते पूर्ण दिसतं, आणि तेही घरांच्या गर्दीत रुतलेलं.